सातव्या ट्रॅकवरचा आवाज

त्या टेपच्या सातव्या ट्रॅकवर कुणाचा आवाज आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो पुसलेला नाही, हेही माहीत होतं. जवळपास तीस वर्षं मी उलटं सांगत आलो. आता माझी चौऱ्याहत्तरी उलटली आहे, आणि ज्यांना सांगायचं त्यांना जमेल तसं सांगून झालं आहे. तरी लिहून ठेवतो, कारण ती कॅसेट आजही लोकांच्या मोबाईलवर दुसऱ्याच नावाने वाजते. ज्यांचा आवाज आहे त्या बाईंनी स्वतःचं नाव छापायला मनाई केली आहे. म्हणून इथे कुणाचंच नाव घेत नाही.

नगरला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मधे जाड काच. भिंतींना गोणपाट ठोकून त्यावर गादीचं कापड लावलेलं. कीर्तनं, लग्नाची गाणी, निवडणुकीच्या घोषणा असं काय येईल ते करायचो, पण खरा हंगाम चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीचे दोन महिने. तेव्हा गाण्यांच्या पार्ट्या जिन्यावर बसून नंबर लागायची वाट बघायच्या. माझ्याकडे आठ ट्रॅकचं डिजिटल मशीन होतं. दिसायला व्हीसीआरसारखं, टेपही व्हीसीआरच्या कॅसेटसारखीच, पण तिच्यावर आठ आवाज वेगवेगळे राहायचे. ढोलकी एकावर, पेटी एकावर, कोरस एकावर. नंतर हवा तो आवाज एकटा काढून ऐकता यायचा.

नाव असलेल्या गायिका फार वेळ देत नसत. म्हणून आधी कुणा साध्या गायिकेकडून गाणी म्हणून घ्यायची, त्यावर वादकांनी वाजवायचं आणि मग मोठ्या बाईंनी येऊन त्याच जागी गायचं, अशी पद्धत होती. त्या आधीच्या आवाजाला आम्ही 'पायलट' म्हणायचो. काम झालं की पायलट पुसायचा, आणि तोही शक्यतो गाणारीच्या देखत. टेपवर जागा मोकळी व्हायची हे एक. दुसरं म्हणजे, उद्या तिने 'तो आवाज माझाच' म्हणून दारात उभं राहू नये.

त्या वर्षी पायलटसाठी अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या, भंडारदऱ्याच्या पलीकडच्या एका गावातून एक बाई आल्या. असतील सत्तावीस-अठ्ठावीसच्या. सोबत त्यांचे यजमान होते. ते तिथल्याच शाळेत शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. बाई गावच्या पार्टीत गायच्या. माइकसमोर उभं राहायची सवय नव्हती, म्हणून मी त्यांना सांगितलं, "समोरच्या काचेकडे बघू नका, वरच्या पंख्याकडे बघून गा." त्या पंख्याकडे बघून गायल्या आणि माझा ढोलकीवाला ठेका विसरला.

मग मोठ्या बाई आल्या. त्यांचा घसा बसला होता. मुखडे कसेबसे झाले, पण दोन गाण्यांच्या अंतऱ्यांत जिथे आवाज वर चढतो तिथे तो फाटत होता. कॅसेट काढणारे व्यापारी डोक्यावर बसले होते, जयंती पंधरा दिवसांवर. मी त्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि मिक्सिंग करताना सातव्या ट्रॅकवरचा पायलट उघडला. मुखडा मोठ्या बाईंचा, अंतऱ्याच्या वरच्या ओळी डोंगरातल्या बाईंच्या. जोड दिसू नये म्हणून थोडा एको वाढवला. बी बाजूचं पहिलं गाणं आणि चौथं गाणं. ही दोन गाणी मी मुद्दाम इथे नोंदवतो.

पुसायचं तेव्हा डोंगरातल्या बाईंच्या समोर मी दुसरीच टेप लावली. आवाज दाखवणाऱ्या पट्टीवरची रेघ खाली गेलेली त्यांना दाखवली. "बघा, गेला तुमचा आवाज," म्हणालो, आणि त्या हसल्या होत्या.

कॅसेट खूप चालली. चाललीही त्याच दोन गाण्यांमुळे. मोठ्या बाईंचा आवाज नगरच्या माणसाने काय उचललाय, असं पुण्यापर्यंत झालं आणि माझ्याकडे कामं वाढली.

दोन महिन्यांनी गुरुजी एकटेच आले. खांद्याच्या पिशवीत कॅसेट होती. टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, घरात वाद चाललाय. मंडळी म्हणतात, हा आवाज त्यांचा आहे. गावात चार लोकांत बोलल्या, आणि आता लोक हसतात. तुम्ही जाणते आहात. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

तेव्हा 'होय' एवढा एक शब्द पुरला असता. मी कपाट उघडलं, एक कोरी टेप मशीनमध्ये घातली आणि सातवा ट्रॅक लावून दाखवला. काहीच नव्हतं त्यावर. "पायलट आम्ही ठेवतच नाही, गुरुजी," मी म्हणालो. "ऐकून ऐकून वाटतं माणसाला, आपणच गायलो."

गुरुजींनी हात जोडले. "माफ करा," म्हणाले. "आमच्यामुळे तुम्हाला उगाच त्रास." जिना उतरताना त्यांनी दोनदा मागे वळून नमस्कार केला. माझा शब्द आणि त्यांच्या बायकोचा शब्द, यांत कुणाचा खरा धरला जाईल हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी तो वापरला. पुढे कुणाकडून तरी कळलं की बाईंनी गाणं सोडलं. मी चौकशी केली नाही.

स्टुडिओ पुढे बंद पडला. मशीन त्या टेपसकट घरी आलं आणि पलंगाखाली गेलं. त्याच्यावर जुनं लुगडं टाकलेलं. त्याची स्पीकरला आवाज देणारी बाजू जळाली होती, आता आवाज निघणार तो फक्त कॉम्प्युटरमधून. सोबत एक फायरवायरचा ऑडिओ इंटरफेस होता. म्हणजे मशीनमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये न्यायचा डबा. तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा तो कधीच मेला. नव्या विंडोजवर त्या डब्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच मिळत नव्हता, कंपनीने काढायचं बंद केलं होतं. दुकानदाराने मला तसं सांगितलं तेव्हा मी हळहळल्यासारखं दाखवलं. खरं तर त्या दिवशी मी बाजारातून मोकळ्या मनाने चालत घरी आलो. टेप आहे, पण ती आता कुणालाच उघडता येणार नाही. टाकून देण्याचं पापही माझ्या माथी नको आणि ती वाजण्याची भीतीही नको.

गेल्या वर्षी भातकापणी झाल्यावर त्या बाई माझ्या दारात आल्या. पत्ता विचारत विचारत. केस पांढरे झाले होते. मी ओळखलं नाही, असं म्हणालो, तेही खोटंच.

"ओळखू नका," त्या म्हणाल्या आणि पायरीवरच बसल्या. "सायेब, माझं एकच काम हाय. त्या टेपात माझा आवाज हाय का न्हाई, ते गुर्जींला एकदा ऐकवायचंय. दुसरं काय बी नको. त्यांचे कान जायला लागल्यात. डाक्टर म्हनला, अजून थोडे म्हैने."

"ताई, तेव्हाच पुसला होता. तुमच्यासमोर."

"व्हय, पुसला म्हनला हुता. मग पुसल्याली टेप दाखवा."

मी म्हणालो, मशीन बंद आहे, आता चालत नाही, त्याला लागणारा कॉम्प्युटरच मिळत नाही. त्या पाण्याचा तांब्या रिकामा करून उठल्या. "मग चालू करा," म्हणाल्या. "मी पुढल्या म्हैन्यात फोन करते."

बायको आतून ऐकत होती. तिला खरी गोष्ट ठाऊक नव्हती. तिला त्या बाईंची कीव आली, एवढंच. "अहो, तुमचा तो भिंगारचा दोस्त जुनी कॉम्प्युटरं जिवंत करतो ना? त्याला बोलवा की." मी म्हणालो, बघू. तिने त्याच संध्याकाळी स्वतःच फोन लावला.

हा मित्र भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करायचा. निवृत्तीनंतर लोकांनी टाकलेले कॉम्प्युटर गोळा करतो, त्यांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घालतो आणि शाळांना देतो. दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या पुढच्या जागेत एक जुना कॉम्प्युटर पायांत धरून आला.

"विंडोजने टाकलेलं म्हातारं लिनक्स सांभाळतं," पलंगाखालून डबा ओढत तो म्हणाला. "तुझ्यासारखी लई सांभाळलीत आम्ही."

"नाही चालायचं रे ते. ड्रायव्हर नाही."

"ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे आता. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी फुकट लिहून ठेवलाय. तू फक्त चहा सांग."

तो आठ दिवस रोज येत राहिला आणि आठही दिवस मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून मनातल्या मनात एकच धावा करत होतो, की जमू नये. पहिले दोन दिवस नुसते कार्डात गेले. कॉम्प्युटरला फायरवायरचं भोक नव्हतं. त्याने आणलेलं पहिलं कार्ड डब्याशी बोलेचना. मला बरं वाटलं. त्याने दुसऱ्या चिपचं कार्ड पैदा केलं. तिसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर त्याने एक ओळ टाइप केली आणि खाली माझ्या डब्याचं नाव उमटलं. "आला बघ हजेरीला," तो ओरडला. मी हसलो, तेही वरवर. मग कॉम्प्युटर म्हणाला की या वापरणाऱ्याला आवाजाच्या भागात जायची परवानगी नाही. त्याने ती परवानगीही देऊन टाकली.

मशीन चालू करायचं काम माझं. मी टेप वाचणारे हेड्स स्पिरिटने पुसले, टेप पुढे-मागे पळवून सैल केली. हे सगळं नीट केलं, कारण हातांना दुसरं येतच नाही. मशीनमधून डब्यात आवाज नेणारी वायर काचेच्या धाग्याची, टोकाला लाल उजेड दिसतो. ती जोडली आणि आवाज आला, पण त्यात टिक्, टिक्, टिक्. कढईत मोहरी तडतडावी तसा. मधूनच सूर तुटायचा.

ते कशाने होतंय हे मला पहिल्या टिकलाच कळलं होतं. डिजिटल मशीनं एका तालात चालावी लागतात. ताल मशीनने धरायचा आणि डब्याने त्याच्या मागे जायचं. इथे डबा स्वतःचाच ताल धरून बसला होता. एका खिडकीत एक खूण बदलली की संपलं. स्टुडिओत ही खूण मी रोज लावायचो. पण मी गप्प बसलो. माझा मित्र वायरी बदलत होता, सेटिंगं उलटीपालटी करत होता, मोबाईलवर कुठल्या कुठल्या लोकांच्या चर्चा वाचत होता.

"तुला काही आठवतं का रे? तू तर यावर आयुष्य काढलंस."

"फार वर्षं झाली," मी म्हणालो.

चार दिवस मी त्याला असं खपू दिलं. एकदा बायकोने मधे येऊन त्याला थालीपीठ दिलं आणि मला म्हणाली, "तुम्ही नुसते बघत काय बसलात? पाहुण्यासारखे?" मी ताट उचलून आत नेलं.

शेवटी त्याला ते त्याचं त्यालाच सापडलं. "क्लॉक!" म्हणाला. "गाढव आहे मी." खूण बदलली, टिकटिक थांबली. त्याने ओळीने एकेक ट्रॅक उघडला. ढोलकी. पेटी. कोरस. मोठ्या बाई, बसलेल्या घशाने. मग सातवा.

एको नाही, वाद्य नाही, काही नाही. नुसता एक तरणा आवाज खोलीत उभा राहिला. वर चढताना घेतलेला श्वासही ऐकू येत होता. मित्राचा हात माउसवरच राहिला. बायको ओल्या हातांनी दारात आली.

"हे तर ते..." मित्र म्हणाला. गाणं त्याला पाठ होतं, भिंगारच्या मिरवणुकीत दर वर्षी वाजतं. "पण हा आवाज त्यांचा नाही."

"रिहर्सलचा आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग आठही ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, त्यांची एक प्रत माझ्या लॅपटॉपवरही घातली, कसं चालू करायचं ते एका कागदावर लिहून पडद्याला चिकटवलं आणि गेला.

इथपर्यंतचं खोटं जुनं होतं, असं मी स्वतःला समजावू शकलो असतो. पण पुढच्या महिन्यात बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "नाही जमलं, ताई. टेप खराब झालीय." तेव्हा तो आवाज माझ्यामागे चार फुटांवर होता. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा आला. मी म्हणालो, प्रयत्न चालू आहेत. मग संक्रांतीनंतर आला.

"डावा कान गेला गुर्जींचा," त्या म्हणाल्या. "उजवा हाय, जवळ जाऊन वरडलं की. घाई करा म्हनत न्हाई मी. सांगून ठेवते फकस्त."

फोन ठेवला. बायको भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी ऐकलाय तो आवाज. आणि तुम्ही फोनवर काय सांगता तेही दर वेळी ऐकते. मला वाटत होतं, आज तरी सांगाल."

त्या घरात मला बसायला जागा उरली नाही. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर होता, आत बायको. मी रात्रभर काही ठरवलं वगैरे नाही. सकाळी तिनेच पिशवी भरून दारात ठेवली.

लॅपटॉप आणि स्टुडिओतले मोठे हेडफोन घेऊन मी संगमनेरमार्गे अकोल्याला गेलो, तिथून जीपने वर. गावात पोहोचलो तेव्हा दुपार उलटत होती. घर विहाराच्या मागेच. ओट्यावर गुरुजी खुर्चीत बसले होते. वाळले होते, पण शर्टाची इस्त्री तशीच. मला बघून उठायला लागले. बाई आतून आल्या, त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि काही न विचारता एक स्टूल आणून ठेवलं.

मी आधी सांगून टाकणार होतो. जीपमध्ये वाक्यंही जुळवली होती. पण गुरुजींना ऐकूच येईना. मी मोठ्याने म्हणालो, "गुरुजी, मी खोटं बोललो होतो." ते हसून म्हणाले, "चहा? होईल, होईल." तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा शेजारचं दार उघडलं. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सायेब. आधी ते लावा."

हेडफोन मी त्यांच्या कानांवर बसवले, आवाज उजवीकडे वळवला आणि वाढवत नेला. आधी कॅसेटवरचं गाणं लावलं, जसं जग ऐकतं तसं. त्यांनी मान हलवली, ओळखलं. पण ढोलकीपुढे शब्द कळेनात, असं खुणेने सांगितलं. मग अंतऱ्याला मी एकेक ट्रॅक बंद केला. ढोलकी गेली, पेटी गेली, कोरस गेला, मोठ्या बाई गेल्या. सातवा तेवढा राहिला.

गुरुजींचा चेहरा आधी कोराच होता. मग त्यांनी हळूच दोन्ही हात हेडफोनवर नेले आणि दाबून धरले. डोळे बायकोकडे. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. ओळ संपली.

"ही तूच," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या आळीला जाईल असं.

"व्हय. मीच."

"तू मला तेव्हा नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं हुतं. तीन डाव सांगितलं." त्या त्यांच्या उजव्या कानाशी वाकल्या, हेडफोन बाजूला केला, पण ओरडल्या नाहीत, नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं की ओठांवरून कळलं, मला ठाऊक नाही.

गुरुजी माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बोलतील, आणि मी त्याची वाटच बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. ते एवढंच म्हणाले, "मी तुमच्याकडून येऊन हिला म्हणालो होतो, परत हा विषय घरात काढायचा नाही. हिने काढला नाही. काढला असता तरी मी ऐकलं नसतं." नंतर हेडफोन पुन्हा नीट बसवले आणि बोट वर केलं. "परत लावा."

मी परत लावलं. मग परत. दर वेळी ते त्याच ओळीला डोळे मिटायचे, आणि संपली की बोट वर करायचे. मी मान खाली घालून बटण दाबत होतो. जे सांगायला आलो होतो ते माझ्या तोंडून नीट निघालंच नाही, आणि त्यांना आता त्याची गरजही नव्हती. त्यांना फक्त बटण दाबणारा माणूस हवा होता. विहाराकडून दोन-तीन बाया आल्या आणि ओट्याखाली उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "काय ऐकत्यात गुर्जी?" बाई गोठ्याकडे निघून गेल्या. मग मीच त्या बायांना सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. म्हातारी होती त्यातली एक, ती म्हणाली, "आमी लई हसलो हुतो तिला." आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

उन्हं डोंगरामागे गेली. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला, दोनदा. मी उठायला गेलो, तर गुरुजींचं बोट वर.

बाई बादली घेऊन परत आल्या. रस्त्याकडे बघून म्हणाल्या, "गेली तुमची जीप. आता सकाळशिवाय न्हाई." मग आत जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. "भात टाकते तिघांचा. जेवा हितंच. कुटं जाताय आता."

ओळ संपली होती. मी परत लावली.